संगणकाची उत्तरपूजा

“काका, ह्यात गणपती किती हायत?” सलगरने विचारलं.

आमच्या हॉलमध्ये फरशीवर वर्तमानपत्र अंथरून तो बसला होता. समोर आमचा कॉम्प्युटर, पोट उघडं टाकलेला. एसटी स्टँडाजवळ त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि रविवारी सकाळी घरी येऊन त्याने आमच्यावर उपकारच केले होते.

“मोजले नाहीत,” बाबा म्हणाले.

“आन् मारुती, दत्त, अंबाबाई? समदी हिथंच?”

“मित्र पाठवतात रोज सकाळी.”

“मग बघून झाल्यावर पुसायचं की ओ!”

“देवाचं चित्र पुसायचं नसतं,” बाबा म्हणाले. गॅस चालू ठेवून बाहेर जायचं नसतं, असं सांगावं इतक्या सरळपणे.

सलगरने माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. अष्टपुत्र्यांच्या घरात हा वाद जिंकलेलं कोणी नव्हतं. (आडनाव अष्टपुत्रे आणि पदरात आम्ही दोन मुली, हा विनोद बाबांनी पाटबंधारे खात्यात निवृत्तीपर्यंत ऐकला होता.) लग्नपत्रिकेवरचा गणपतीसुद्धा ते कात्रीने कापून ठेवत आणि डबा भरला की कराडच्या संगमावर नेऊन पाण्यात सोडत. कॉम्प्युटरमधले गणपती संगमावर नेता येईनात, म्हणून ते आतच राहिले. निवृत्त मंडळींचा उत्साह दांडगा. मेलचा डबा फुगत फुगत गेला आणि शुक्रवारी संध्याकाळी आम्ही उघडला तेव्हा आत काहीच नव्हतं. पांढराफटक पडदा.

“पोतं भरत गेलासा, पोतं फाटलं,” सलगर म्हणाला. “दाणं हायती आतच. पण कुठलं कुठं, ते ठाव न्हाय. एकेक उचलाय लागंल.”

“उद्या कोर्ट आहे,” मी म्हटलं.

“म्हाईत हाय ताई. म्हणून तर आलोय.”

कोर्ट माझ्या बहिणीचं होतं. वृंदाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन मस्कतला गेली, तिथे जुई झाली. एप्रिलमध्ये तिच्या नवऱ्याने, निनादने, तिला एकटीला विमानात बसवलं. व्हिसाचं काहीतरी काम आहे, तू पुढे हो, मी जुईला घेऊन आठवड्यात येतो म्हणाला. आलाही. जुईला घेऊन सरळ साताऱ्याला आपल्या आईवडिलांकडे गेला आणि ताई दारात गेली तेव्हा फाटकाला कुलूप होतं. आतून जुईचा आवाज येत होता. चार वर्षांची पोर आईला हाका मारत होती आणि आई रस्त्यावर उभी होती. कोर्टात निनादने लिहून दिलं की बायको तापट आहे, मुलीला स्वतःच्या मर्जीने टाकून आली, तोवर तिने कधी कसली तक्रार केली नव्हती.

आमच्या वकील थोरातबाई शुक्रवारी ताईला म्हणाल्या होत्या, “आत्ता सांगशील ते कोर्ट ऐकून घेईल. पण तेव्हा सांगितलेलं असेल तर मानेल. तेव्हा कुणाला काही लिहिलं होतंस?”

ताई टेबलाकडे बघत म्हणाली, “बाबांना मेल केले होते. पाठवून देईन आणि पोरगी ठेवून घेईन अशी धमकी दिली त्याने, तेही लिहिलं होतं. निघायच्या आधी.”

“मग तो एक मेल आणा. तो असला तर मुलगी तुमची.”

मला हे सगळं नवीन होतं. मी बाबांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते.

ताईचं खातं निनादनेच काढून दिलेलं, त्याने ते बंदही करून टाकलं होतं. आमच्या प्रोग्राममध्ये मेल एकदा घरी उतरला की कंपनीकडे काही उरत नसे. म्हणजे तो मेल जगात असलाच तर आमच्या हॉलमध्ये, त्या फाटक्या पोत्यात होता.

सलगरने आपली एक जुनी, छोटी डिस्क बाजूला जोडली, सीडी घातली, आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायला लागली.

“निघालेलं मेल ह्या डिस्कवर पडत्यात. उघडून बघत ऱ्हावा. काय अडलं तर फोन करा, मी उंब्रजला हाय, पुतणीचा साखरपुडा हाय. आन् एक, मधी लाईट गेली तर परत पहिल्यापासनं.”

लाईट तीनला जायची. त्या वर्षी भारनियमनाचं वेळापत्रक आम्हाला शाळेच्या वेळापत्रकासारखं पाठ होतं. सलगर गेला तेव्हा बारा वाजत आले होते.

मेलांना नावं नव्हती, नुसते आकडे. एक उघडला, गणपती. दुसरा, गणपती. तिसऱ्यात मधुमेहावर कारल्याचा रस. चौथा, हा मेल अकरा जणांना पाठवा नाहीतर अनिष्ट होईल. आमचं काय व्हायचं राहिलं होतं! मी उघडत होते आणि बंद करत होते.

“ताई, ये ना इकडे!”

ती स्वयंपाकघरात गवार मोडत बसली होती. उत्तर आलं नाही म्हणून मीच गेले.

“अगं, तुझे मेल तू पटकन ओळखशील.”

“तू बघते आहेस ना.”

“असं काय करतेस? तीनला लाईट जाईल.”

“मिळाले तर मिळाले. नाहीतर थोरातबाई करतील काहीतरी.”

माझं डोकंच फिरलं. “जुई तुझी आहे की माझी? रोज रात्री तिचा फ्रॉक उशाशी घेऊन झोपतेस, आणि आता म्हणतेस मिळाले तर मिळाले?”

ताईने हातातली शेंग मोडली. “त्यांना विचार,” ती म्हणाली, “त्यांना ते मेल मिळायला हवेत का.”

त्यांना म्हणजे बाबांना. आल्यापासून ती त्यांना हाकच मारत नव्हती. चहा द्यायची, कपडे घडी करून ठेवायची, पण बोलायचं ते माझ्यामार्फत. मला वाटायचं, दुःखी माणसाचं असं होतं.

हॉलमध्ये आले तर बाबा माझ्या खुर्चीवर बसलेले.

“केतकी, तू जेवून घे. मी बघतो.”

“मला भूक नाही. उठा.”

ते उठले, पण खुर्चीची पाठ सोडली नाही. जरा वेळाने खालच्या आवाजात म्हणाले, “मला सांग, एखादा मेल नको असला, तर काढून कसा टाकायचा?”

मी वळून बघितलं. आयुष्यात ज्यांनी लग्नपत्रिकेवरचा गणपती कचऱ्यात जाऊ दिला नाही, ते मला पुसायचं कसं विचारत होते. आणि तेही आज.

“काही काढायचं नाही बाबा. एक अक्षर नाही.”

“बरं,” ते म्हणाले.

त्यानंतर मी पाणी प्यायलासुद्धा उठले नाही. त्यांना त्या खोलीत एकटं सोडायची मला भीती वाटत होती. स्वतःच्या वडिलांची अशी भीती वाटणं फार वाईट असतं.

दोनच्या सुमाराला एक मेल उघडला आणि त्यात चित्र नव्हतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं, घाईघाईचं.

‘बाबा, काल दुपारी निनादने मला बाल्कनीत काढून दार आतून लावून घेतलं. इथलं ऊन तुम्हाला माहीत नाही. जुई आतून काचेवर हात मारत होती. संध्याकाळी उघडलं. फोनवर सांगता येत नाही, तो शेजारी उभा असतो. शेजारणीच्या कॉम्प्युटरवरून लिहिते आहे. मला न्यायला या. वृंदा.’

“सापडला!” मी ओरडले. खरंच आनंदाने ओरडले. मग आपण कशावर आनंदाने ओरडतो आहोत ते कळलं आणि तोंडावर हात ठेवला.

हा धमकीचा मेल नव्हता, पण तिच्या मेलांपैकी एक होता. मी खाली सरकले. तो मेल म्हणजे कुठल्यातरी उत्तराला तिने दिलेलं उत्तर होतं, त्यामुळे आधीचं पत्र त्याच्या पोटात तसंच राहिलं होतं.

‘चि. वृंदा, अनेक आशीर्वाद. तुझा मेल पोचला. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच. जावईबापू तापट असले तरी मनाने वाईट नाहीत. सध्या केतकीचं बघणं चालू आहे. कोल्हापूरची मंडळी येऊन गेली, पसंती कळवतील. अशा वेळी थोरली माहेरी परत आली तर लोक काय म्हणतील ते तुला सांगायला नको. धाकटीचं जमेपर्यंत तरी कळ काढ. जुईला पापा. तुझे बाबा.’

मी ते दोनदा वाचलं. धाकटी म्हणजे मी. कोल्हापूरची मंडळी मला चांगली आठवत होती. मुलगा पोहे खाताना मचमच आवाज करत होता, ते गेल्यावर मी त्याची नक्कल करून बाबांना हसवलं होतं आणि वर नकार कळवायला लावला होता. त्याच दिवसांत ताई बाल्कनीत होती.

मागे बाबा उभे होते. माझ्याबरोबर त्यांनीही वाचलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात ताई होती, हातात गवारीची परडी.

“तुला हे सगळं माहीत होतं,” मी ताईला म्हटलं.

“उत्तरं मलाच आली होती,” ती म्हणाली.

“आणि म्हणून तू मेल नकोत म्हणत होतीस? ह्यांची अब्रू जाईल म्हणून?”

“उद्या भर कोर्टात वाचतील ते. बाप आहे तो आपला, केतू.”

बाबांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात कॉम्प्युटर टणकन वाजला. हिरवी पट्टी थांबली होती. पडद्यावर लिहून आलं, डिस्क भरली, जागा नाही.

घड्याळात सव्वादोन होऊन गेले होते. मी सलगरला फोन लावला. मागे बँड वाजत होता.

“जागा न्हाय म्हणतंय? मग निघालेलं काय तरी पुसा! फोटू पुसा फोटू, त्येच जड! आपोआप पुढं चालू हुतंय!”

“सगळे पुसू?”

“पुसा की! देव काय रागावत न्हाय!”

मी फोन ठेवला. बाबांनी ऐकलं होतं. ते एकदम वळले आणि आतल्या खोलीत देवघराकडे गेले. माझा ताबा सुटला.

“बाबा, आता देवापुढे बसू नका! लेकरू जाईल हातचं! तुमचे गणपती राहू द्यात हवे तर, मी बाकीचं पुसते, काहीतरी पुसते, पण आता तरी...” मी रडायला लागले होते. ताई माझ्या पाठीवर हात फिरवत होती, तिचं लेकरू जात असताना.

बाबा परत आले. सदरा काढलेला, खांद्यावर उपरणं, हातात हळदकुंकू आणि अक्षता. त्यांनी मॉनिटरला हळदकुंकू वाहिलं. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. गणेशोत्सवात शेवटच्या दिवशी करतात तशी ती उत्तरपूजा होती. मग अक्षता टाकून मूर्ती जागची हलवतात, तसा त्यांनी दोन्ही हातांनी तो जड मॉनिटर चार बोटं उजवीकडे सरकवला.

“पुनरागमनाय च,” ते म्हणाले. “आता दाखव, कुठलं बटण.”

“मी करते बाबा.”

“नाही. ते माझ्या हातूनच व्हायला हवं. मघाशी ह्याचसाठी विचारत होतो. एवढ्या गर्दीत तिचा मेल सापडेना, तर ह्यांनाच आधी वाट दाखवावी म्हटलं.”

मी काय समजले होते ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मी बटण दाखवलं. पहिला गणपती आला. बाबांनी हात जोडले, बटण दाबलं. दुसरा आला, हात जोडले, दाबलं. दत्त, मारुती, पुन्हा गणपती, समईच्या उजेडातली देवी. प्रत्येकाला नमस्कार चालला होता.

“बाबा, अडीच वाजून गेले.”

तेव्हा त्यांनी नमस्कार सोडला. नुसतं बटण दाबत राहिले. आयुष्यभर सांभाळलेले देव एकामागून एक जात होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

हिरवी पट्टी सरकली. आम्ही तिघं त्या पडद्याला चिकटलो. आता ताईही उघडत होती, वाचत होती, नाही म्हणत होती. पावणेतीन. आणखी एक गणपती गेला. आणखी एक कारल्याचा रस. दारातून वाऱ्याची झुळूक आली तरी मला वाटायचं, पंखा बंद पडला.

“हा,” ताई म्हणाली.

‘बाबा, निनाद म्हणतो तुला एकटीला पाठवून देतो, पोरगी इथे राहील, तिकडे जाऊन सांग कुणाला सांगायचं ते. तिकिटाचं बघतो आहे. मी जुईला सोडून येणार नाही. आम्हा दोघींना न्यायला या. ह्यानंतर मला लिहिता येईल असं वाटत नाही. न्यायला या. वृंदा.’

वर तारीख होती. मी फ्लॉपी घातली. सापडलेले तिचे सगळे मेल तीवर उतरवायला लागले. फ्लॉपी कुरकुर करत होती. मी ती बाहेर काढली, ताईच्या हातात दिली, आणि पंखा थांबला. पडदा काळा झाला.

त्या शांततेत मी विचारलं, “ह्या शेवटच्या मेलला काय उत्तर दिलंत बाबा?”

“दिलं नाही,” बाबा म्हणाले. “दुसऱ्या दिवशी देवाला अभिषेक केला.”

सोमवारी साताऱ्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात थोरातबाईंनी छापलेले कागद उभ्या उभ्या वाचले. वाचून झाल्यावर बाबांकडे बघितलं.

“काका, मेल उत्तम आहेत. पण खाली तुमची पत्रं आलीयत. ती कापता येत नाहीत, कापली तर सगळंच संशयास्पद होतं. आणि ठेवली तर समोरचे वकील तुम्हालाच धरणार. म्हणणार, बापालाच खरं वाटलं नव्हतं.”

“धरू देत.”

“मुलीचं नुकसान होईल काका, तुम्ही नीट बोलला नाहीत तर.”

“मी नीट बोलेन.”

आणि तसंच झालं. समोरच्या वकिलांनी बाबांचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. भांड्याला भांडं, अनेक आशीर्वाद, जुईला पापा, सगळं. कोपऱ्यात निनाद हाताची घडी घालून बसला होता. मग वकिलांनी विचारलं, “म्हणजे जन्मदात्या बापालाही मुलीच्या तक्रारीत काही तथ्य वाटलं नाही. बरोबर?”

“चूक,” बाबा म्हणाले. “तिचा शब्दन् शब्द मला खरा वाटला.”

“मग हे असं का लिहिलंत?”

“खरं वाटलं म्हणूनच लिहिलं. खोटं वाटलं असतं तर म्हटलं असतं, ये बाई, चार दिवस राहून जा. खरं होतं, म्हणजे ती आली तर कायमची येणार होती. ते मला नको होतं. लोकांची भीती वाटली.” ते न्यायाधीशांकडे वळले. “मी देवाचं चित्र पुसत नाही, साहेब, पाप लागतं म्हणून. आणि मुलगी न्यायला या म्हणत होती, तर मी तिला कळ काढ म्हणून लिहिलं.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “हे लिहून घ्यायला हवं,” ते म्हणाले. “टायपिस्टसाठी जरा सावकाश सांगा. एकेक वाक्य.”

मग बाबांनी ते सगळं पुन्हा सांगितलं. एक वाक्य म्हणायचं, टायपिस्टची बोटं थांबेपर्यंत थांबायचं, मग पुढचं. जन्मभर त्यांनी ऑफिसात मजकूर सांगितला होता, तशाच आवाजात. ‘लोकांची भीती वाटली’ ह्या वाक्याला टायपिस्टने काय म्हणालात म्हणून विचारलं, तेव्हा ते त्यांना तिसऱ्यांदा म्हणावं लागलं. मी खाली बघत होते. ताई मात्र त्यांच्याकडेच बघत होती.

त्याच आठवड्यात हुकूम झाला, पुढचा निकाल होईपर्यंत मुलगी आईकडे. साताऱ्याच्या त्या फाटकाचं कुलूप निघालं आणि जुई धावत आली. नंतर खटला बरीच वर्षं चालला, पण तिला परत कोणी नेलं नाही. आज ती नोकरी करते.

ताईने बाबांना माफ केलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं. त्यांना पुन्हा बाबा म्हणायला तिला दिवाळी उजाडली.

पुढे माझं लग्न झालं, मी इंदूरला आले. नवरा भला माणूस मिळाला, पोहे आवाज न करता खातो. पण मी कराडला फोन केला की बाबा हॅलोच्या आधी विचारायचे, “केतकी, येऊ का न्यायला?” श्रीखंड चांगलं झालं म्हणून सांगायला फोन केला तरी तेच. सुरुवातीला नवऱ्याला ते लागायचं. म्हणायचा, तुझ्या वडिलांना मी राक्षस वाटतो का? मग त्याला सवय झाली. मी दर वेळी म्हणायची, “नको बाबा, मजेत आहे.” त्यावर ते म्हणायचे, “बरं, बरं,” आणि मग गप्पा सुरू व्हायच्या.

शेवटचा फोन दवाखान्यातून ताईने लावून दिला. त्यांना उठून बसायची ताकद नव्हती. ताईने फोन त्यांच्या कानाशी धरला होता. मला नुसता श्वास ऐकू येत होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, “येऊ का न्यायला?”

“या बाबा,” मी म्हटलं.

“निघतो,” ते म्हणाले.